विसंगती क्रमांक तीन

बोरकाठ्याच्या पांढरीत
चोवीस खिळे ठोकले, दोन-दोन मीटरवर.
नजीर तडवीने एकेकाच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतलं.
एप्रिल. माती इतकी कोरडी
की विजेलाही आत घेत नव्हती.

गेल्या महिन्यात शाळेच्या कुंपणालगत
जमीन बसली. हातगाडीचं चाक गेलं,
मागोमाग कुल्फीची पेटी.
माणूस गेला नाही, म्हणून फाईल आमच्यापर्यंत यायला
तेवीस दिवस लागले.
कुल्फीवाला रोज येऊन विचारतो,
मशीनमध्ये पेटी दिसते का.

खाली तापीचा गाळ. गाळात चुनखडीचा थर,
बोटांच्या पेरांसारखे खडे,
जे इथे पूर्वी भट्टीत भाजायचे
आणि भिंतींना लावायचे.
पाणी चुना खातं. सावकाश,
दात नसलेल्या माणसासारखं.
खाऊन झालं की जागा उरते.
पुस्तकात तरी असंच आहे.

मशीन काही बघत नाही,
हे सांगून सांगून मी थकले.
ते फक्त जमिनीला विचारतं, किती अडवतेस?
चिकणमाती म्हणते आठ. दहा.
वाळू ओली असेल तर चाळीस.
सत्ताविसाव्या मीटरवर आकडा आला नऊशे
आणि नजीर म्हणाला, मॅडम, वायर सुटली.
वायर सुटली नव्हती.

तेवढ्यात काठी टेकत धुडकाबाई.
मिठाच्या बादलीकडे बघून म्हणाल्या,
"मीठ कोनावरतीन उतारी ऱ्हायनात, माय?"
मी हसले. त्या हसल्या नाहीत.

तोवर मला पायवाट दिसलीच नव्हती.
चावडीपासून नळाकडे सरळ येते,
कुंपणापाशी वळसा घेते
आणि पुन्हा सरळ होते.
वळशाच्या पोटात ना झाड, ना दगड.
माझं सत्तावीस मीटर तिथेच.

"तठे पेव व्हतं."

त्या सात वर्षांच्या होत्या.
ज्वारी काढायला थोरला भाऊ उतरला, उखा.
आधी कंदील सोडतात खाली,
विझला तर माणूस सोडत नाहीत.
त्या दिवशी घरात रॉकेल नव्हतं.
एवढंच.
त्याला काढायला भिका उतरला.
दोघांना दोरानेच वर घेतलं.
ज्वारी तशीच ठेवून तोंड बुजवलं.
मग माणसं बाजूने चालू लागली,
मग त्यांची पोरं,
ज्यांना कुणी कधी सांगितलं नाही का ते.

पेव फुटलं म्हणतो आपण,
कोचिंग क्लासचं, पतसंस्थांचं,
आणि आत कोंडलेली हवा कशी असते
ते कुणाला आठवत नाही.
मलाही नव्हतं माहीत. मी जळगावात वाढले,
ज्वारी दुकानातून यायची.

रात्री लॅपटॉपवर आकडे उलटवले.
एकाच आकड्यांतून दोन जमिनी निघतात:
पाण्याने खाल्लेली चुनखडी
किंवा माणसाने खणलेलं पोट.
दोन्ही लाल. दोन्ही अडीच मीटरवर.
अहवालात लिहिलं, विसंगती क्रमांक तीन,
मानवनिर्मित असण्याची शक्यता.
पुढे रकाना होता: आधार.
मी 'पायवाट' लिहिलं. खोडलं.
'स्थानिक माहिती' लिहिलं.
शिफारस: चार इंची छिद्र, कॅमेरा,
मग वाळू-सिमेंटचा भराव.

सकाळी धुडकाबाईंना वाचून दाखवलं.
भरावाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.
"तुमना कॅमेराले दिवा शे का?"
आहे, मी म्हटलं. बारीक, पण आहे.
"मंग पहिले तो सोडा."

नजीरने खिळे उपटले.
चोवीस भोकांभोवती मीठ वाळून पांढरं झालं होतं.
केबल खांद्यावर टाकून तो गाडीकडे निघाला
आणि कुंपणापाशी,
कुणी न सांगता,
वळशाने गेला.